लॅपटॉपला बूट

१४ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
आशीर्वाद नेहमीचेच, राग मात्र ताजा आहे.

कॉलेज संपवून निघताना तू मला दिलेला तो लॅपटॉप परवापासून उठत नाहीये. बटण दाबलं की दिवा लागतो, पडदा मात्र काळा ठिक्कर. मी ओरडते, तो ढिम्म. मागच्याच आठवड्यात मेल्याला स्वतःच्या हाताने चामड्याचं कव्हर शिवलं, बुटासारखं अंगाबरोबर बसणारं, आतून मऊ अस्तर. एवढं तर मी स्वतःसाठीही कधी शिवलं नाही. आणि हे असे पांग फेडले त्याने.

फोन का केला नाहीस म्हणून विचारू नकोस. कानातलं यंत्र फोनला लागलं की शिट्टी मारतं, आणि मग तू काय बोलतेस ते त्या शिट्टीलाच माहीत. मोबाईलवरची अक्षरं एवढी बारीक की एक दाबायला जावं तर तीन उठतात. तुला ईमेल करायचे ते याच कारट्यावरून. तेव्हा आता कागद आणि पेन.

ईमेलचं एक सोड गं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पाय त्यात आहेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, प्रत्येकाचं चित्र, प्रत्येकाचं माप. शिवाय तळ कापायचं मशीन फक्त त्याचंच ऐकतं. नव्या लॅपटॉपला त्याची वायरच बसत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. बसच्या कंडक्टरबाई आहेत, अपघातानंतर एक पाय आखूड झालाय आणि एक हातही अधू. त्यांचा डावा बूट तयार, उजव्याचा तळच कापायचा राहिलाय. बूट मिळाले की त्या कामावर परत जाणार, आणि मी इथे काळ्या पडद्यासमोर हातावर हात ठेवून बसलेय.

साहेबांना, म्हणजे तुझ्या दादाला, अजून कळवलेलं नाही. कळलं की लगेच म्हणेल, "आई, आता पुरे कर, दुकान बंद कर, माझ्याकडे चल." ज्याच्या आखूड पायासाठी मी हा धंदा शिकले तोच आता धंद्याच्या मुळावर उठलाय.

काय करायचं ते लिही. सोपं लिही, पण मी बावळट आहे असं समजून लिहू नकोस.

तुझी मावशी


२१ फेब्रुवारी

ती. मावशी,
नमस्कार. पाकीट उघडतानाच चटका बसला, त्यामुळे राग पोचला म्हणून समज.

मी इथे दिवसभर लोकांचे बंद पडलेले लॅपटॉप उघडून बसते आणि तुझ्याच लॅपटॉपला हात लावता येत नाही, म्हणजे कप्पाळ माझं! एवढ्या लांबून सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, पण हाकू या.

आधी चार्जरची वायर काढ. लॅपटॉप उलटा कर, खालची खिटी सरकव, बॅटरी बाहेर येईल. आता चालू करायचं बटण दाबून धर. किती वेळ? दादाने केस कापले नाहीत की तू एका दमात त्याला जेवढं बोलतेस, तेवढा वेळ. आत अडकून बसलेली वीज त्याने निघून जाते. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करून बघ.

नाही झाला तर पाठीवरचं छोटं झाकण उघड. त्याआधी नळाला हात लाव, अंगातली वीज आतल्या भागांना सोसत नाही. झाकणाखाली बोटभर लांबीची हिरवी पट्टी दिसेल, ती त्याची स्मरणशक्ती. दोन्ही बाजूंच्या खिट्या बाहेर ढकल, पट्टी आपोआप वर येईल. तिच्या कडेला सोनेरी दात आहेत, ते खोडरबराने हलक्या हाताने घास, कपड्याने पूस, आणि तिरकी घालून खाली दाब. खिट्या बसल्याचा आवाज तुला येणार नाही, पण बोटाला कळेल. तुझ्या बोटांना सगळं कळतं.

मग चालू कर. तळहात खाली ठेवून पंखा फिरतो का बघ. पडद्यावर तिरका टॉर्च मारून आत अंधुक काही दिसतं का तेही बघ. आणि खरं खरं लिही, नेहमीसारखं "सगळं ठीक" नको.

दादाला कळव गं. लपवून काय होणार आहे?

तुझी खटपटी


१ मार्च

चि. खटपटीस,
आशीर्वाद, आणि एक टपली.

तुला वाटलं मी घाबरेन? जन्मभर चामड्याला आरी मारणारी बाई मी, एका स्क्रूला भिणार होय! स्क्रू ड्रायव्हर सापडला नाही, चामडं कापायच्या रापीच्या टोकाने काढला. खोडरबर खालच्या बेकरीवाल्याकडून आणलं. कशाला म्हणून विचारत होता. म्हटलं, लॅपटॉपचे दात घासायचेत. त्याने मला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं, बिचारा.

सगळं तू सांगितलंस तस्सं केलं. बॅटरी काढली, बटण दाबून धरलं, साहेबांना मनातल्या मनात यथेच्छ बोलून घेतलं. पट्टी काढली, घासली, बसवली, खिट्या बोटाला कळल्या. मग परत कव्हर चढवलं, मी काही कुणाला उघड्या अंगाने उठवत नाही, आणि चालू केला. पंखा जरा वेळ फिरतो, हाताला कळतं, मग थांबतो. पडदा काळा. तिरका टॉर्च मारला तर माझंच तोंड दिसलं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

त्यात साहेब येऊन टपकले. जिन्यावर पाऊल पडलं की माझ्या टेबलाला कळतं, टेबलावरून हाताला. एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. तोच. टेबलावर लॅपटॉपची आतडी पसरलेली बघून त्याचा चेहरा असा काही खुलला की विचारू नकोस. बोलताना तो माझ्यासमोर उभा राहतो, ओठ बघून मला कळतं. म्हणाला, "आई, गेला तो. आता तरी ऐक. कानाने ऐकू येत नाही, गोंदाच्या वासात दिवसभर बसतेस, जिना उभा. तुला काही झालं तर कोणाला कळणार?"

मी म्हटलं, "हा उठेल." तो म्हणाला, "नाही उठला तर?" आणि माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहे. म्हणून गेले, मार्च संपेपर्यंत हा उठला नाही तर मी दुकानाचा गाशा गुंडाळते, आणि उठला तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाही. त्याने एवढ्या घाईने हात पुढे केला की मला माझा मागे घेता येईना. टेम्पोवाल्याला फोन त्याने दारातूनच लावला.

आता सगळी भिस्त तुझ्यावर. पुढे काय करायचं ते लवकर लिही.

मावशी


१० मार्च

ती. मावशी,
नमस्कार.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय. तू जे लिहिलंस त्यावरून मदरबोर्ड गेलाय. सगळे भाग ज्या पाटीवर बसलेले असतात तीच पाटी. दिवा लागतो, पंखा फिरून थांबतो, पडद्यावर काहीच नाही, म्हणजे बहुतेक तेच. एवढ्या जुन्या लॅपटॉपची पाटी आता मिळत नाही, मी आमच्याकडे सगळ्यांना विचारलं. त्याची डिस्क काढून मला पाठव, तुझी मापं मी नक्की वाचवते. मशीन मात्र त्याच्याशिवाय चालणार नाही.

दादाचा फोन आला होता. मावशी, तू मागच्या हिवाळ्यात जिन्यावरून पडलीस आणि बेकरीवाला संध्याकाळी पाव द्यायला वर आला तेव्हा त्याला कळलं, हे तू मला का नाही लिहिलंस? "सगळं ठीक" असं लिहिलं होतंस त्या महिन्यात. दादा घाबरलाय गं. तुला त्याचा राग येतो, मला कळतं, पण तो काही तुझा वैरी नाही.

थोडे दिवस जाऊन तरी बघ ना. नाही आवडलं तर बघू पुढचं पुढे.

तुझी खटपटी


२० मार्च

खटपटी,
आज आशीर्वाद नाहीत.

हो, पडले होते. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू काय केलं असतंस, एवढ्या लांबून फुंकर घातली असतीस? पडले, घोटा सुजला, बसून राहिले, मग उठले. उठले ना? ते कुणीच धरत नाही. पडले तेवढं मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

आणि "थोडे दिवस जाऊन बघ" हे शब्द तुझे नव्हेत. साहेबांनी फोनवरून ते तुझ्या तोंडात घातलेत. त्याचं घर मी बघून आलेय. माझ्यासाठी खोली आहे, खिडकी आहे, टीव्ही आहे, पलंगाला उंच गादी आहे. टेबल नाही. मी विचारलं, माझं टेबल कुठे ठेवू? म्हणाला, "तुला आता टेबल कशाला लागतंय, आई?" अगं, मी खुर्चीत बसून करू काय दिवसभर? माझेच पाय बघत बसू? मला नाही जायचं. मी नाही जाणार. मोठ्या अक्षरात लिहिलंय ते मुद्दाम, तुझ्या दादाला वाचून दाखवायला सोपं पडावं म्हणून.

शाळेत पोरं चिडवायला लागली तेव्हापासून त्याने माझे बूट घातले नाहीत. बाजारातले घालतो आणि आखूड पायात दोन-दोन मोजे कोंबतो. त्याला वाटतं मला कळत नाही. जिना सगळं सांगतो मला. स्वतःचा पाय आईपुढे करायला लाजतो, आणि आईला अख्खी उचलून न्यायला निघालाय!

कंडक्टरबाईंना मी परत पाठवलेलं नाही. कागदावर पाय ठेवायला लावला, भोवती पेन्सिल फिरवली, दोरीने घेर घेतला, आणि उजव्याचा तळ रापीने हाताने कापतेय. हाताला फोड आलेत. येऊ देत. लॅपटॉप नव्हता तेव्हाही लोकांना पाय होतेच.

आणि त्याला तू गेला म्हणतेस, म्हणून विचारते. रोज सकाळी मी त्याला कव्हरात नीट बसवते. कव्हराच्या पुढच्या कडेला चुंबकाचं बटण आहे, ज्यांना नाडी बांधता येत नाही त्यांच्या बुटांना लावते तेच. शेवटची जोडी होती, ती या कारट्याच्या कोडकौतुकात घातली. तर चालू केलं की जरा वेळाने त्याचा दिवा हळूहळू विझतो, पुन्हा हळूहळू लागतो, झोपलेल्या माणसाचं पोट खाली-वर होतं तसा. मेलेला असं करतो का? तूच सांग. करत असेल तर मी गप्प बसते.

मावशी


२७ मार्च

मावशी!!!

नमस्कार-बिमस्कार नंतर. हे पत्र हातात घेऊन तशीच उठ आणि लॅपटॉपचं कव्हर काढ. आत्ता. पूर्ण काढ, लांब ठेव, मग चालू कर.

अगं, त्याच्या पुढच्या कडेत चुंबक ओळखणारा एक बारीकसा भाग असतो. झाकणात चुंबक असतं. झाकण मिटलं की ते चुंबक त्या भागाजवळ येतं आणि लॅपटॉप पडदा बंद करून झोपतो. तुझं बटण नेमकं त्याच्या बोकांडी बसलंय! तू झाकण उघडून त्याच्याकडे बघतेस आणि त्याला वाटतंय झाकण मिटलंय. तो मेलेला नाही गं, झोपलाय. तू दिलेल्या बुटात गाढ झोपलाय. आणि मी? दिवा लुकलुकतो का, हा आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, तोच मी तुला विचारला नाही. तुला सोपं लिहायच्या नादात अक्कल गहाण ठेवली.

टेबलाचं वाचलं आणि दादाला फोन लावला. कव्हराचं सांगितलं. टेबलाचंही सांगितलं, आणि मोज्यांचंही. चिडू नकोस. तो नुसतं "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. तो तुला सांगेल की नाही, खरंच माहीत नाही, म्हणून हे पत्र धाडतेय.

"जाऊन बघ" म्हटलं होतं ते मागे घेते. टेम्पोत बसू नकोस.

तुझी खटपटी


१२ एप्रिल

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

इतके दिवस गप्प राहिले कारण हातात काम होतं. तू नखं खात बसली असशील, चांगलं झालं, तेवढी शिक्षा हवीच होती.

एकतीस तारखेला सकाळी कंडक्टरबाई आल्या. उजवा बूट तयार होता, नुसतं बटण लावायचं राहिलं होतं. डबा उघडते तर रिकामा, आणि सामानवाल्याचं दुकान बंद. दुपारी टेम्पो येणार होता. शब्द दिला होता, गाशा गुंडाळणारच होते, पण गुंडाळून जिन्यातच बसणार होते. टेम्पोत बसेन असं मी कुठे म्हटलं होतं? ते असो. पण दुसऱ्याचा बूट अर्धवट टाकून मी कुठेही बसले नसते. समोर लॅपटॉप कव्हर घालून ऐटीत बसला होता, सवयीने सकाळी चालू केला होता, दिवा लुकलुकत होता. म्हटलं, तुला रे कशाला हवं बटण, तू झोप. आणि रापी घालून बटण उपटलं.

पडदा लख्ख उजळला! कंडक्टरबाई किंचाळल्या असाव्यात, त्यांचं तोंड एवढं उघडलेलं दिसलं. माझे डोळे भरून आले होते, पण मी आधी बटण बुटाला लावलं. बाईंनी एका हाताने टप्‌ करून बूट बंद केला, जिना उतरून गेल्या आणि चढून परत आल्या. न लंगडता. मग मी रडले, मोकळेपणाने.

लॅपटॉपवर सगळे पाय जागच्या जागी होते. सगळ्यात जुनं चित्र उघडलं, साहेबांचं. तळहाताएवढा पाय. ते बघत होते तेवढ्यात टेबलाला कळलं, एक जड, एक हलकं. दारात साहेब, हातात मोबाईल. उजळलेला पडदा बघून जागीच थांबला.

"मी सांगणारच होतो, आई. खटपटीने मला सांगितलं होतं."

सांगितलं असतंस का, हे मी विचारलं नाही. नको ते ऐकायची वेळ आली असती, आणि तेवढ्यापुरते माझे कान नेमके चालले असते.

मग म्हणाला, "खिडकीजवळची जागा मोकळी केलीय. तुझं टेबल बसेल."

खरं सांगते, मनातल्या मनात ते तिथे ठेवूनही बघितलं. पण मी म्हटलं, "छान केलंस. तिथे बसून तू जेवत जा. आणि आता बूट काढ."

त्याने कंडक्टरबाईंकडे बघितलं. त्या काहीतरी बोलल्या, मला नंतर कळलं, म्हणाल्या, "काढा की साहेब, आम्ही नाही का काढले?" बसमध्ये लोकांना पुढे सरकवायचा सराव आहे त्यांना. त्याने बूट काढला. एक मोजा, त्याच्या आत दुसरा मोजा, आणि टाचेला हा एवढा घट्टा. एवढी वर्षं त्याच पायाने माझा जिना चढत होता आणि मला सांगत होता की जिना उभा आहे. कागद पसरला, त्याचा पाय उचलून त्यावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. लहानपणी गुदगुल्या व्हायच्या तिथेच अजून होतात.

टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवून वाजवून वैतागला म्हणे. मला काय, कितीही वाजव. बेकरीवाल्याने त्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवायची परवानगी मात्र मी साहेबांना दिलीय. बसवताना दोन दिवस ठाकठोक केली, माझं टेबल नुसतं नाचत होतं.

तुझं चुंबकाचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. म्हणजे मीच रोज सकाळी त्याला झोपवत होते आणि मीच बोंब मारत होते! बरं, असू दे. कव्हर काही मी टाकणार नाही, बटण काढून नाडी लावलीय. आणि सगळ्या पायांची आणखी एक प्रत करून ठेवायची कशी, ते लिही. सोपं लिहायच्या नादाला लागू नकोस.

साहेबांच्या बुटांना त्याला चुंबकाचं बटण हवं होतं. ऑफिसची घाई, वाकायला वेळ नसतो म्हणे. बटणं आलीत, डबा भरलाय. तरी मी नाडीच लावली. वाकू दे जरा.

काल तळ कापत बसले होते. टेबलाला पावलं कळली, दोन्ही सारखी. म्हटलं कुणी नवं गिऱ्हाईक आलं वाटतं, मान वर न करताच म्हटलं, "बसा, पाय मोकळे करा." कुणी बसेना म्हणून वर बघितलं, तर साहेब.

तुझी मावशी